बंद पडलेली मोटारसायकल: घरी काय तपासावे आणि कोणत्या क्रमाने

रात्रभर पाऊस पडून गेलेला असतो, सकाळी कामावर निघण्याची वेळ झालेली असते आणि वीस-पंचवीस किका मारूनही गाडी दाद देत नाही. अशा वेळी बहुतेक नवखे चालक दोनपैकी एक गोष्ट करतात: गाडी ढकलत मेकॅनिककडे नेतात, किंवा घरात सापडेल तो पाना घेऊन दिसेल तो नट सैल करतात. पहिल्या मार्गाने पैसे जातात. दुसऱ्या मार्गाने पैसे तर जातातच, शिवाय मुळात नसलेला एखादा नवा बिघाड तयार होतो. गाडी सुरू न होण्याची कारणे मोजकी आहेत आणि ती ठरावीक क्रमाने तपासली, तर बरेचसे दोष अर्ध्या तासात हाती लागतात. हा लेख त्या क्रमाविषयी आहे.

येथे 100 ते 125 सीसीच्या, हवेने थंड होणाऱ्या, एका सिलिंडरच्या गाड्या गृहीत धरल्या आहेत. 1994 साली आलेली स्प्लेंडर आणि तिच्या पंगतीत बसणाऱ्या गाड्या आजही महाराष्ट्राच्या गावोगावी दिसतात, त्यामुळे उदाहरणे त्यांचीच घेतली आहेत. आपली गाडी 1 एप्रिल 2020 पूर्वीची आहे की नंतरची, हे आधी पाहावे. त्या तारखेपासून धुरातील प्रदूषणावरची बीएस-6 ही मर्यादा लागू झाली आणि या वर्गातील बहुतेक गाड्यांत कार्बोरेटर, म्हणजे पेट्रोल व हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग, जाऊन विजेच्या नियंत्रणाने पेट्रोल फवारणारे इंधन इंजेक्शन आले. कार्बोरेटरच्या गाडीत घरी बरेच काही करता येते. इंजेक्शनच्या गाडीत बॅटरी, फ्यूज, प्लग आणि एअर फिल्टर यांपलीकडे नवख्याने जाऊ नये.

साहित्य फार लागत नाही. गाडीबरोबर मिळालेल्या पिशवीतील प्लगपाना, 8 ते 17 क्रमांकाचे चार-पाच रिंग पाने, दोन स्क्रूड्रायव्हर, पक्कड, सुती फडकी, जुना टूथब्रश, एक पारदर्शक बाटली आणि दोन-चारशे रुपयांचा साधा डिजिटल मल्टीमीटर एवढे पुरे. यांपेक्षा महत्त्वाचे म्हणजे गाडीचे माहितीपुस्तक. ते हरवले असेल, तर कंपनीच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्यावे, कारण खाली दिलेले आकडे सर्वसाधारण आहेत आणि आपल्या गाडीचा नेमका आकडा त्या पुस्तकातच सापडतो.

काम नेहमी उघड्यावर किंवा हवेशीर जागी करावे. बंद पार्किंगमध्ये इंजिन चालू ठेवणे धोक्याचे आहे, कारण धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. पेट्रोलचे काम करताना जवळपास विडी, उदबत्ती किंवा देवघरातील समई असू नये. गाडी डबल स्टँडवर, सपाट जमिनीवर घ्यावी आणि इंजिन थंड होऊ द्यावे.

पाना उचलण्यापूर्वी

काही वर्षांपूर्वी मी एक अख्खी सकाळ कार्बोरेटर काढून, धुऊन, पुन्हा बसवण्यात घालवली. गाडी तरीही सुरू झाली नाही. शेवटी शेजारचा शाळकरी मुलगा आला आणि त्याने हँडलवरचे लाल बटण दाबून दाखवले. आदल्या संध्याकाळी गाडीवर बसून खेळताना त्यानेच ते बंद केले होते. तेव्हापासून पहिली दोन मिनिटे मी हात मागे बांधून गाडीभोवती फिरतो, आणि नवख्यानेही तसेच करावे.

लाल बटण, म्हणजे इंजिन बंद करण्याचे बटण, चालू स्थितीत आहे ना? नव्या गाड्यांत साइड स्टँड खाली असताना इंजिन सुरू न होण्याची सोय असते, तो पूर्ण वर गेला आहे ना? न्यूट्रलचा दिवा लागतो का? टाकीत पेट्रोल किती आहे, हे काट्यावर विसंबून न राहता झाकण उघडून, गाडी हलवून पाहावे. कार्बोरेटरच्या गाडीत पेट्रोलचा कॉक बंद राहिलेला असतो किंवा पेट्रोल रिझर्व्हच्या पातळीखाली गेलेले असते. थंड इंजिनाला चोक लागतो आणि गरम इंजिनाला तो लागत नाही, हेही अनेकांच्या लक्षात राहत नाही.

यानंतर कान द्यावा. सेल्फचे बटण दाबल्यावर नुसती टिकटिक ऐकू आली आणि हेडलाइट मंदावला, तर बॅटरी उतरली आहे. काहीच आवाज आला नाही, तर फ्यूज, बॅटरीची सैल वायर किंवा क्लचच्या दांडीजवळचा स्विच यांच्याकडे संशयाने पाहावे. इंजिन फिरते पण पेटत नाही, असे असेल तर पेट्रोल पोहोचत नाही किंवा ठिणगी पडत नाही. किक नेहमीपेक्षा अगदी हलकी, जणू पोकळीत गेल्यासारखी वाटली, तर सिलिंडरमध्ये दाब तयार होत नाही. व्हॉल्व्ह किंवा पिस्टनच्या रिंगांचे ते दुखणे घरी बरे होणारे नाही, तेव्हा तेथेच थांबून मेकॅनिकला बोलवावे.

प्लग

इंजिन फिरते पण पेटत नाही, तेव्हा प्रथम प्लग, म्हणजे सिलिंडरमध्ये ठिणगी पाडणारा भाग, काढावा, कारण इंजिनाच्या आत काय चालले आहे हे तो लगेच सांगतो. प्लगची टोपी काढताना वायर ओढू नये. टोपी धरून सरळ खेचावी. प्लगच्या बुडाशी साचलेला चिखल आणि वाळू टूथब्रशने व फुंकर मारून साफ करावी. ही पायरी गाळली, तर प्लग निघताक्षणी ती वाळू थेट सिलिंडरमध्ये पडते. मग प्लगपाना सरळ बसवून डावीकडे फिरवावा. पाना तिरका बसला, तर प्लगची पांढरी चिनीमाती तडकते.

काढलेला प्लग उन्हात धरून पाहावा. टोक विटकरी किंवा फिकट तपकिरी असेल, तर इंजिनाची तब्येत ठीक आहे. कोरडी काळी काजळी असेल, तर पेट्रोल जास्त जाते आहे किंवा एअर फिल्टर तुंबला आहे. टोक पांढरेफटक असेल, तर पेट्रोल कमी पडून इंजिन जास्त तापते आहे. चिकट, ओले, काळे तेल दिसले, तर इंजिन ऑइल वरपर्यंत येते आहे, आणि त्याचा उपाय नवा प्लग नव्हे. टोक पेट्रोलने भिजलेले असेल व त्याला वास येत असेल, तर पेट्रोल पोहोचते आहे पण पेटत नाही; प्लग कोरडा असेल, तर पेट्रोलच येत नाही. या शेवटच्या दोन खुणांवरून पुढची दिशा ठरते.

ठिणगीची चाचणी कार्बोरेटरच्या गाडीवर करता येते. पेट्रोलचा कॉक बंद करावा. काढलेला प्लग टोपीत परत बसवावा आणि त्याचा आट्यांचा धातूचा भाग इंजिनाच्या उघड्या धातूला, प्लगच्या भोकापासून शक्य तितका दूर, घट्ट टेकवून ठेवावा. टोपी रबरी मुठीच्या पक्कडीने धरावी, कारण येथील दाब हजारो व्होल्टचा असतो आणि त्याचा झटका विसरता येत नाही. चावी चालू करून दुसऱ्याला जोरात किक मारायला सांगावे. सावलीत पाहिल्यास प्लगच्या फटीत निळसर, ठसठशीत ठिणगी दिसते आणि बारीक ‘टक्’ असा आवाजही येतो. ठिणगी पिवळट, रोडावलेली किंवा मधूनच पडणारी असेल, तर ती सिलिंडरमधील दाबाखालील पेट्रोल-हवेचे मिश्रण पेटवू शकत नाही. प्लग धातूला न टेकवता किक मारू नये. त्याने ठिणगीसाठी वीज तयार करणारी कॉइल व ठिणगीची वेळ साधणारी सीडीआय ही पेटी यांना इजा होऊ शकते. इंजेक्शनच्या गाडीत प्लगच्या भोकातून पेट्रोलची फवार बाहेर येत असल्यामुळे ही चाचणी नवख्याने करूच नये. सरळ नवा प्लग लावून पाहावा.

ठिणगी नसेल, तर पहिला उपाय तोच: त्याच क्रमांकाचा नवा प्लग. त्यानेही ठिणगी आली नाही, तर टोपी तपासावी. पावसाळ्यात टोपीच्या आत ओल शिरते आणि वीज प्लगपर्यंत न जाता बाहेरच गळते. फडक्याने पुसून, उन्हात वाळवून पुन्हा पाहावे. बहुतेक जुन्या गाड्यांत टोपी वायरच्या टोकावर स्क्रूसारखी फिरवून बसवलेली असते. ती काढून वायरचे हिरवे पडलेले टोक पाच-सहा मिलीमीटर कापावे आणि टोपी पुन्हा घट्ट फिरवावी. एवढ्याने सुरू झालेल्या गाड्या मी स्वतः पाहिल्या आहेत. त्यापुढची कॉइल आणि सीडीआय ही मेकॅनिकची कामे.

प्लग परत बसवताना घाई करू नये. इंजिनाचे हेड अ‍ॅल्युमिनियमचे, प्लग पोलादाचा. वाकडा घुसवलेला प्लग हेडचे आटे खातो, आणि मग प्लगच्या किमतीचे काम हेडच्या किमतीला जाते. पान्याचा दांडा न लावता, बोटांनीच प्लग शेवटपर्यंत फिरवावा. मध्येच अडला तर मागे घेऊन पुन्हा सुरुवात करावी. तो टेकल्यानंतर नवा प्लग असेल तर पान्याने साधारण अर्धा फेरा, आणि जुनाच असेल तर एक अष्टमांश फेरा पुरतो.

फार किका मारून प्लग भिजला असेल, तर चोक बंद करावा, प्लग पुसून वाळवावा, आणि प्लग बाहेर व त्याची टोपी बाजूला असतानाच, चावी बंद ठेवून, थ्रॉटल पूर्ण उघडून आठ-दहा किका माराव्यात. सिलिंडरमधले जादा पेट्रोल उडून जाते. दहा मिनिटे थांबून प्लग बसवावा आणि चोक न लावता सुरू करून पाहावे.

पेट्रोलचा मार्ग

प्लग कोरडा निघाला असेल, तर टाकीपासून खाली येत जावे. कार्बोरेटरच्या बुडाशी असलेल्या वाटीला एक लहान ड्रेन स्क्रू असतो. त्याच्या नळीखाली पारदर्शक बाटली धरून, कॉक चालू ठेवून स्क्रू एक-दोन फेरे सैल करावा. पेट्रोल धारेने आले तर मार्ग मोकळा आहे. थेंबथेंब आले, तर टाकीचे झाकण उघडून पुन्हा पाहावे. आता धार वाढली असेल, तर झाकणातील हवेचे बारीक छिद्र चिखलाने बुजले आहे. हवा आत गेल्याशिवाय पेट्रोल बाहेर येत नाही. झाकण उघडूनही धार वाढली नाही, तर कॉकमधील जाळी तुंबली आहे.

बाटली दोन मिनिटे स्थिर ठेवून तिचा तळ पाहावा. पाणी पेट्रोलपेक्षा जड असल्याने ते खाली बसते आणि दोहोंमधील रेघ स्पष्ट दिसते. पावसाळ्यानंतर ही रेघ दिसणे नवलाचे नाही. आता आपल्याकडील पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, आणि इथेनॉल पाणी शोषून घेते. थोडे पाणी ते मुरवते, पण प्रमाण वाढले की पाणी व इथेनॉल मिळून वेगळे होतात आणि तळाशी, म्हणजे नेमके कॉकच्या तोंडाशी, जमा होतात. उघड्यावर महिनोन्‌महिने अर्ध्या टाकीने उभ्या असलेल्या गाडीला हा त्रास अधिक होतो. वाटीतून स्वच्छ पेट्रोल येईपर्यंत निचरा करावा. तरीही पाणी येत राहिले, तर टाकी पूर्ण रिकामी करावी. काढलेले पेट्रोल गटारात ओतू नये.

गाडी फक्त चोकवर सुरू होते आणि चोक काढताच बंद पडते, अशी तक्रार बहुधा पायलट जेट, म्हणजे कार्बोरेटरमधील पेट्रोलचे बारीक छिद्र, तुंबल्याची असते. दीर्घकाळ पडून राहिलेल्या पेट्रोलचा चिकट थर या केसाएवढ्या छिद्रात बसतो. कार्बोरेटर उघडण्याचे धाडस करायचे असेल, तर प्रत्येक टप्प्यावर मोबाइलने छायाचित्र काढावे आणि मिश्रणाचा स्क्रू काढण्यापूर्वी तो पूर्ण आवळायला किती फेरे लागतात हे कागदावर लिहून ठेवावे. जेटमध्ये तार किंवा सुई कधीही घालू नये. छिद्र किंचित रुंदावले तरी गाडी कायमची जास्त पेट्रोल पिऊ लागते. कार्बोरेटर क्लीनरचा फवारा आणि हवा एवढेच वापरावे. उलट कार्बोरेटरमधून पेट्रोल वाहतच असेल, तर आतील फ्लोटची सुई, म्हणजे वाटी भरली की पेट्रोल थांबवणारी सुई, अडकली असण्याचा संभव आहे. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने वाटीवर हळूच दोन-तीन टिचक्या दिल्या तर ती बऱ्याचदा सुटते.

एअर फिल्टर फोमचा असेल, तर तो साबणाच्या पाण्यात धुऊन, पूर्ण वाळवून, थोडे तेल लावून व पिळून बसवतात. कागदाचा असेल तर धुवू नये. त्यातही तेलकट कागदाचा फिल्टर हवेने झाडूही नये, मुदत संपली की बदलावा.

एक इशारा मात्र स्वतंत्रपणे दिला पाहिजे. गाडी पुराच्या पाण्यात इंजिनापर्यंत बुडाली असेल, तर ती सुरू करण्याचा प्रयत्नच करू नये. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलीमीटर पाऊस पडला होता. अशा पुरातून बाहेर काढलेली गाडी दिसायला धडधाकट असते. परंतु हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना सेल्फ मारला, तर कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. आधी प्लग काढावा, एअर फिल्टरची पेटी रिकामी करावी आणि ऑइलची डिपस्टिक पाहावी. ऑइल दुधाळ चहासारखे दिसले, तर ते काढून टाकून नवे भरल्याशिवाय इंजिन फिरवू नये. नवे ऑइल मोटारसायकलचेच, डब्यावर ‘जासो एमए’ असे लिहिलेले घ्यावे. मोटारीच्या काही ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्ये असतात आणि या गाड्यांचा क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असल्याने तो घसरू लागतो.

बॅटरी आणि फ्यूज

मल्टीमीटर 20 व्होल्ट डीसीवर ठेवून, रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या बॅटरीची मोजणी करावी. 12.6 च्या आसपास आकडा म्हणजे बॅटरी भरलेली, 12.4 च्या खाली म्हणजे चार्जिंगची गरज. मग इंजिन सुरू करून, थोडा थ्रॉटल देऊन पुन्हा मोजावे: आकडा साधारण 13.5 ते 14.5 च्या दरम्यान गेला, तर गाडी बॅटरीला चार्ज करते आहे. आकडा 12 वरच अडकून राहिला, तर नवी बॅटरी आणूनही चार दिवसांत तीच रड सुरू होईल, कारण दोष चार्जिंगमध्ये आहे. बॅटरी विकत घेण्यापूर्वी ही एक मोजणी केली नाही, तर पैसे वाया जाण्याची शक्यता मोठी असते.

टोकांवर पांढरी-हिरवी भुकटी साचली असेल, तर आधी ऋण आणि मग धन वायर काढून, कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून टूथब्रशने घासावे, वाळवावे व आधी धन, मग ऋण अशा क्रमाने जोडावे. चार्जर लावताना प्रवाह क्षमतेच्या एक दशांश ठेवावा. 3 अँपिअर-अवरच्या बॅटरीला 0.3 अँपिअर. मोटारीच्या मोठ्या चार्जरवर ती लावणे म्हणजे तिचा घात करणे. जुन्या कार्बोरेटरच्या बऱ्याच गाड्या बॅटरी उतरलेली असतानाही किकवर सुरू होतात, परंतु इंजेक्शनच्या गाडीत पंप आणि नियंत्रक दोन्ही विजेवर चालत असल्याने बॅटरी पार बसली की किकचाही फारसा उपयोग होत नाही.

उडालेल्या फ्यूजच्या जागी त्याच अँपिअरचा फ्यूज लावावा. तांब्याची तार किंवा सिगारेटच्या पाकिटातील चांदी लावण्याची रीत अजून दिसते. त्या तारेने फ्यूज वाचतो आणि गाडीची वायरिंग जळते.

चेन, क्लच आणि ब्रेक

गाडी सुरू झाली, पण खडखडते किंवा झटके देते, अशा वेळी चेनकडे पाहावे. न्यूट्रलमध्ये चाक हाताने फिरवत, खालच्या चेनच्या मध्यभागी बोटाने वर-खाली हलवून ढील मोजावी. या वर्गातील गाड्यांत ती साधारण 20 ते 30 मिलीमीटर असते. मोजणी एकाच जागी करून भागत नाही, कारण चेन सर्वत्र सारखी झिजत नाही. जेथे ती सर्वांत ताठ असेल तेथे माप धरावे. मागच्या एक्सलचा नट सैल करून दोन्ही बाजूंचे अ‍ॅडजस्टर अर्धा-अर्धा फेरा सारखेच आवळावेत आणि दोन्हीकडच्या खुणा एकाच रेषेवर आहेत ना, हे पाहावे. एक बाजू पुढे राहिली तर चाक तिरके बसून टायर व स्प्रॉकेट (चेनचे दातेरी चाक) दोन्ही खाते. नट आवळल्यावर ढील पुन्हा मोजावी, कारण आवळताना ती बदलते. फार ताणलेली चेन सैल चेनपेक्षा वाईट, ती बेअरिंगवर भार टाकते. कोकणात खाऱ्या हवेने चेन लवकर गंजते, तेथे धुण्या-पुसण्याच्या बाबतीत आळस परवडत नाही. चेन पुसताना इंजिन चालू ठेवून गिअर टाकू नये. अशा वेळी फडक्यासकट बोट स्प्रॉकेटमध्ये जाते.

क्लचची दांडी दाबल्यावर तिच्या टोकाला सुरुवातीचे 10 ते 15 मिलीमीटर मोकळे हलले पाहिजेत. मोकळेपणा शून्य असेल, तर क्लच कायम अर्धवट दाबलेला राहतो आणि चढावर इंजिन ओरडते पण गाडी पळत नाही. फार असेल, तर गिअर खडकन पडतो. दांडीजवळचा नट फिरवून हे जमवता येते. दांडीजवळ वायरचे एक-दोन धागे तुटलेले दिसले, तर ती वायर त्याच आठवड्यात बदलावी. ती तुटते ती नेमकी घाटात.

ड्रम ब्रेकच्या मागच्या पेडलला 20 ते 30 मिलीमीटर मोकळी चाल असावी, आणि ती रॉडवरील नट फिरवून मिळते. ड्रमवरील बाण पूर्ण ब्रेक दाबल्यावर खुणेला टेकला, तर ब्रेकचे लायनर, म्हणजे ड्रमला घासणारे अस्तर, संपले आहेत. आता नट आवळत राहून उपयोग नाही. डिस्क ब्रेकच्या तेलाला नवख्याने हात लावू नये, कारण त्यात हवेचा एक बुडबुडा राहिला तरी दांडी मऊ पडते, आणि तेच तेल टाकीवर सांडले तर रंगही जातो.

ब्रेक किंवा चाकाचे कोणतेही काम केल्यानंतर, रस्त्यावर जाण्यापूर्वी, गाडी अंगणात किंवा गल्लीत चालत्या माणसाच्या वेगाने दोन-तीनदा पुढे नेऊन दोन्ही ब्रेक वेगवेगळे दाबून पाहावेत, आणि परत येऊन एक्सलच्या नटावर पाना एकदा लावून पाहावा.